दुकानात चालू, घरी बंद

वडनेर भोलजी
९ सप्टेंबर २०२२

चि. सौ. प्रतीक्षास,

सौ. लिहावं की नाही, यावर पेन थोडा वेळ थांबला होता. मग लिहिलं. नको असेल तर खोडून वाच.

तुझा जुना नंबर बंद आहे. सरस्वतीबाईंना फोन करून पाहिला. माझा आवाज ऐकला की त्या "पोरगी घरी नाही" म्हणून ठेवून देतात. तुझ्या आईच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून हे पत्र सोनाळ्याला, तुझ्या कॉम्प्युटर क्लासच्या पत्त्यावर टाकते आहे. जीवनकडे परत ये म्हणायला लिहीत नाही. हे आधीच सांगितलं म्हणजे तू पुढचं वाचशील.

काम लॅपटॉपचं आहे.

तू गेल्यापासून तो जास्तच अडकायला लागला. जीवन टाईप करायला बसला की मधेच त्यातली, पडद्यावरचं वाचून दाखवणारी बाई बोलायची थांबायची. तुला काय सांगायचं, ती बाई बोलली नाही तर माझ्या भावासाठी तो लॅपटॉप म्हणजे पोळपाट. डोळेवाल्याला निदान काय अडलं ते दिसतं तरी. शेवटी खामगावला अनसच्या दुकानात नेला. अनस रिपेरिंगवाला, पोरगा सरळ आहे, फक्त एका वेळी दहा जणांशी बोलतो. त्याने सांगितलं की आतलं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावी लागेल. जीवनने त्याचं टाईप केलेलं काम अकोल्याला आधीच पाठवून दिलं होतं, म्हणून आम्ही हो म्हटलं. दुकानात अनसने चालू करून दाखवला. विंडोजमधलीच इंग्रजी बाई बोलली. जीवनचा चेहरा उजळला, मी पाहिला.

घरी आणून बटण दाबलं तर काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि बाई गप्प.

"ताई, काय लिह्यलं त्याच्यावर?"

मी एकेक अक्षर वाचलं. बी, ओ, ओ, टी.

"बूट," तो म्हणाला.

"बुटाचं काय काम बा त्याच्यात?"

तो हसला नाही. "पुढं वाच."

पुढे होतं ते असं: बूट डिव्हाइस नॉट फाउंड. खाली हार्ड डिस्क की काय ते आणखी होतं, पण ते लिहून घेईपर्यंत पडदाच विझला. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं, आणि तेही अंगणवाडीत मदतनीस झाल्यापासून ए फॉर अॅपलच्या पुढे गेलेलं नाही.

अकोल्याच्या अंधांच्या केंद्रात त्याच्या शेजारी बसून तू हे सगळं शिकलीस. ती बाई तूच बसवलीस, तिचा आवाज तूच निवडलास. त्या यंत्राचं पोट तुला ठाऊक. काय करायचं तेवढं कळव.

जीवन बरा आहे. जेवतो. मीही बरी आहे.

सिंधूताई


१७ सप्टेंबर

प्रतीक्षा,

तुझं उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचलं असेल, असं मी धरून चालले आहे.

काल पुन्हा खामगावला गेले. अंगणवाडीतून सुट्टी मागताना सेविकाबाईंनी तोंड वाकडं केलं. नांदुऱ्यापर्यंत उभ्याने गेले, पिशवीतला लॅपटॉप पोटाशी धरून, तान्हं पोर धरावं तसा. अनसने तो टेबलावर घेतला, इकडे तिकडे काही केलं, बटण दाबलं, आणि ती इंग्रजी बाई बोलायला लागली.

"ताई, चालू तो है," तो म्हणाला. "तुमच्यासमोर झाला ना?"

"घरी नाही होत."

"घरी लाईटचा लफडा असन. व्होल्टेज कमी येते तुमच्याकडं."

मला वाटलं खरं असेल. आमच्याकडे विजेचं काय चालतं ते तुला माहीत आहे. बंद करून दिला, पिशवीत घातला, घरी आणला. संध्याकाळी व्होल्टेज चांगलं होतं, पंखा भिंगरीसारखा फिरत होता. बटण दाबलं. मी काही बोलायच्या आत जीवन म्हणाला, "बूट?"

"हाव," मी म्हटलं.

त्याने झाकण लावलं नाही. तसाच हात ठेवून बसला. त्या लॅपटॉपच्या कडेवरून तो बोटं फिरवत राहतो, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तशी.

मागच्या पत्रात जेवतो म्हणून लिहिलं होतं. ताटावर बसतो, एवढं खरं आहे.

आपलं वावर यंदाही पुंजाजींकडे बटाईने, अर्ध्या वाट्यावर आहे. कपाशी कमरेपर्यंत आली, पण फुलं मिटलेली दिसायला लागली आहेत. मिटलेलं फूल उघडलं की आत अळी. ती गुलाबी. हे बीटी बियाणं आलं तेव्हा म्हणायचे, आता फवारायचं कामच उरणार नाही. आता सगळ्या शिवारात पंप चालू आहेत. वास घरापर्यंत येतो. वास आला की जीवन खिडक्या लावून घेतो, मग आम्ही दोघं त्या गरमीत बसतो. पाच वर्षं झाली त्याला फवारताना भोवळ येऊन पडल्याला आणि डोळे गेल्याला, पण त्याचं नाक ते विसरत नाही. पुंजाजींना मी सांगून ठेवलं आहे, तोंडाला बांधल्याशिवाय वावरात पाऊल टाकू नका. ते हो म्हणतात आणि रुमाल गळ्यात ठेवतात.

अकोल्याहून जानराव सरांचा फोन होता. त्यांच्या संस्थेत शेतकऱ्यांचे फोन येतात, ते रेकॉर्ड होतात, जीवन ऐकून टाईप करतो, मग कृषीवाले उत्तरं देतात. हे तुला कशाला सांगते, ते काम तूच मिळवून दिलंस. फोन साचत चालले आहेत. सर म्हणाले, दसऱ्यापर्यंत वाट पाहू. आवाजात राग नव्हता, पण वाट पाहणाऱ्या माणसाचा आवाज कसा असतो ते आपल्याला कळतं.

तेवढं कळव.

सिंधूताई


२५ सप्टेंबर

प्रतीक्षा,

हे पत्र मी लॅपटॉपसाठी लिहीत नाही.

आज तिसरी खेप झाली. या वेळी जीवनलाही सोबत नेणार होते, तो म्हणाला, "मी येऊन काय पाहणार?" मग एकटीच गेले. अनसकडे गर्दी होती. त्याने चालू करून दाखवला आणि चार लोकांसमोर म्हणाला, "ताई, तुमी घरी काही दाबून राह्यल्या. माझं काम ओके आहे. आता याच्यावर मी टाईम नाही देऊ शकत." लोक माझ्याकडे पाहत होते. मी लॅपटॉप उचलला. बसस्टँडवर बाकावर बसले आणि रडले नाही. रडायला पण अंगात काहीतरी लागतं.

घरी आले तर जीवन ओट्यावर. पिशवी कुठे ठेवली एवढं विचारलं, चालू करून पाहू म्हणाला नाही. मग एकाएकी म्हणाला, "ताई, बंदच राहू दे. तो बंद नसता पडला तं ते माह्या कानावर आलं नसतं."

मला काही कळलं नाही. तू का गेलीस हे मला आजवर माहीत नव्हतं. भांडण ऐकलं नव्हतं. सकाळी उठले तर तू पिशवी भरत होतीस, आणि तो आत बसला होता, अडवत नव्हता. मी तुला विचारलं तेव्हा तू "काही नाही ताई" म्हणालीस. मी त्याच्यावरच संशय घेतला. हात उचलला असेल असं वाटलं. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई आहे मी, मला पहिलं तेच सुचतं.

आज त्याने सांगितलं.

त्या दुपारी तो कानात हेडफोन घालून टाईप करत होता. तू अंगणात आईशी फोनवर बोलत होतीस. तुला वाटलं, त्याच्या कानात ती बाई बोलते आहे. पण लॅपटॉप मधेच अडकला होता, कानात काहीच नव्हतं. तो बाई परत बोलेल म्हणून हात न हलवता बसला होता. आणि त्याला तुझा आवाज आला. "आई, मी दमली वं. कधी कधी वाटते, तो त्याच दिवशी गेला असता तं दोघंही सुटलो असतो."

तू मागे वळलीस, त्याचे हात थांबलेले पाहिलेस, आणि गप्प झालीस. तो म्हणाला, "बोल ना. काऊन थांबली?"

एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

प्रतीक्षा, हे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी परत घासली. तुझा राग यायला पाहिजे होता. माझा भाऊ आहे तो. शाळेत जाताना मी त्याला कडेवर घेऊन नाला ओलांडला आहे. राग आला नाही. तू गेल्यापासून त्याला न्हाणीघरापर्यंत मी नेते, कपड्यांचे रंग मी सांगते, ताटात काय कुठे आहे ते मी सांगते, तो चिडला की मी ऐकते. तू हे सगळं करून वर क्लासला शिकवायला जायचीस. मला अजून वर्षही झालं नाही.

तू जे म्हणालीस ते वाईट आहे. पण वाईट बाईने म्हटलेलं नाही. एवढंच लिहायचं होतं.

सिंधू


४ ऑक्टोबर

प्रतीक्षा,

तुझं कार्ड शनिवारी आलं. "दुकानात आणि घरी यात वेगळं काय असतं ते पाहा. चार्जर, माउस, आणखी काही लावलेलं. प्र." एवढंच. माझी विचारपूस नाही, त्याची नाही. तरी मी ते उभ्या उभ्याच पुन्हा वाचलं. त्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "अक्षर तिचंच आहे?" मी हो म्हटलं. कार्ड हातात मागून घेतलं, थोडा वेळ ठेवलं, परत दिलं.

काल जे झालं ते सांगते.

मी अंगणवाडीतून आले तर दाराला बाहेरून कडी. आवाज दिला, उत्तर नाही. काठी नाही. लॅपटॉपची पिशवी जागेवर नाही हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी पिशवी शोधतच नव्हते. मी आधी वावराकडे पळाले. पुंजाजी बांधावर होते. "इकडं नाही आला बा तो," म्हणाले, आणि माझं तोंड पाहून पंप खाली ठेवून तेही निघाले. वावरातली विहीर पाहिली. वाकून पाहिली. पाणी हिरवं होतं आणि हलत नव्हतं. हे मी जीवनला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

परत येताना शेजारच्या अंबूबाई भेटल्या. "कायले पळून राह्यली वं? तो तं बसमधी बसला. मी हात द्याले गेली, तं नको म्हणे. मी जातो म्हणे."

"कुठं?"

"खामगावले म्हणे."

तो एकटा गेला. इतक्या वर्षांत हातात काठी घेऊन कधी कोणाशिवाय ओट्याखाली उतरला नव्हता, तो रस्ता ओलांडून, बस विचारून, नांदुऱ्याला बदलून एकटा गेला. फोन लावला तर घरातच वाजला. मी ओट्यावर बसले. पुंजाजीही बसले. त्यांनी विडी काढली, मग माझ्याकडे पाहून खिशात ठेवली. दिवस मावळायच्या आत एक मोटारसायकल आली. पुढे अनस, मागे जीवन, दोघांच्या मधे पिशवी.

मी काय बोलले ते लिहीत नाही. अनस बिचारा घाबरून चार पावलं मागे सरला. जीवन म्हणाला, "ताई, आधी आत चाल. चालू करून पाय."

झालं असं. दुकानात अनसने नेहमीसारखा लॅपटॉप टेबलावर घेतला आणि चालू करून दाखवला. जीवन म्हणाला, "मले हात लावू दे." कडेवरून बोटं फिरवत गेला, आणि एका जागी थांबला.

"हे काय आहे?"

"पेनड्राइव्ह आहे भाऊ. चेक कराले लावतो मी."

"घरी हे नसते."

अनसच्या हाताला लागलेली सवय आहे ती. कुठलाही लॅपटॉप आला की तो आधी पेनड्राइव्ह लावतो, मग बटण दाबतो. विंडोज टाकतानाही तो लावलेलाच होता. लॅपटॉप चालू होताना जी पहिली फाईल शोधतो, ती आतल्या डिस्कवर जायच्या ऐवजी त्या पेनड्राइव्हवर जाऊन बसली. म्हणून दुकानात पेनड्राइव्ह असला की चालू, घरी नसला की बूट सापडत नाही. आमची काही चूक नव्हती, त्याच्या डोळ्यांसमोरच होतं, पण रोजचं म्हणून त्याला दिसत नव्हतं. त्याने ती फाईल आत टाकली, पेनड्राइव्ह काढून बंद चालू करून पाहिला, आणि दुकानाचं शटर ओढलं. "चार लोकांसमोर ताईले बोललो होतो," म्हणाला, "तं ताईच्या घरी जाऊनच दाखवतो."

आमच्या घरात, आमच्या विजेवर, बटण दाबलं. अनसने खिशातला पेनड्राइव्ह वर धरून मला दाखवला, जादूगार रिकामे हात दाखवतो तसा. पडदा निळा झाला.

बाई अजून मराठी बोलत नाही, दुकानातल्यासारखी इंग्रजीच. तो आवाज पुन्हा उतरवून घ्यावा लागतो, त्याला इंटरनेट पाहिजे, इथे रेंज येत नव्हती. अनस शाळेच्या मैदानावर जाऊन मोबाईल लावून बसला, तरी उतरला नाही. जाताना चहा घेतला. "खाला नाही म्हणत, ताईच म्हणतो," म्हणाला. खाला म्हणजे मावशी; माझे पांढरे केस पाहून बोलला असावा.

सिंधूताई


१३ ऑक्टोबर

प्रतीक्षा,

बाई मराठी बोलते. पण ती ही नव्हे. तू निवडलेला आवाज आता मिळाला नाही म्हणे, हा दुसराच आहे, जरा घाईतला. "बटाई"ला "बटाटे" वाचते. जीवनने पहिले दोन दिवस तिच्याशी भांडण केलं, आता जमतं आहे.

त्याच्याकडे साचलेले फोन आले. मला वाटलं होतं, इतके पाहून दबून जाईल. उलट सकाळी चहाच्या आधी बसतो. मी अंगणवाडीतून आले की मलाही कधी ऐकवतो. लोक काय काय विचारतात. सोयाबीनची शेंग पिवळी पडली, काय करू. कपाशीवर सगळं मारून झालं, आता काय मारू. एक म्हातारा नुसता, "हॅलो, कोनी आहे काय?" म्हणतो आणि ठेवतो. तेही जीवन टाईप करतो.

परवा मी भाकरी थापत होते. त्याने कानातले हेडफोन काढून फेकले आणि "ताई, फोन दे!" म्हणून ओरडला. एका बाईचा फोन होता. तिचा नवरा दोन औषधं एकत्र करून फवारून आला, डोळ्यांची आग होते म्हणतो, समोरचं धुरकट दिसतं म्हणतो, डोळ्यात दूध घातलं, आणखी काय घालू. गाव मोताळ्याकडचं. हा फोन आला होता त्याला काही दिवस झाले होते, आणि तो साचलेल्या फोनांमध्ये पडून होता.

जानराव सरांना त्याने असं सुनावलं की मी तवा खाली उतरवला. "सर, असा फोन आला तं टाईप व्हायची वाट पाहाची नाही! सगळ्यांच्या आधी हे ऐकाचे! मी दूध घालून घरी बसलो होतो सर, मले माहीत आहे." सरांनी तिथल्या तिथे त्या बाईला फोन लावला. संध्याकाळी आम्हाला कळवलं. तिने शेजारणीचं ऐकून नवऱ्याला दुसऱ्याच दिवशी बुलढाण्याला दवाखान्यात नेलं होतं. सुधारतो आहे. धूर कमी झाला, माणसं ओळखतो. आता संस्थेत ठरलं आहे, येणारे फोन रोज आधी जीवनने नुसते ऐकून काढायचे, असा एखादा असला की लगेच कळवायचं. टाईप नंतर.

त्या दिवशी जेवताना त्याने दोन भाकरी खाल्ल्या आणि ताट बाजूला सारलं.

"ताई, प्रतीक्षाले पत्र लिहितं ना तू?"

"हाव."

"त्याच्यात एक लिही. ती जे बोलली, ते मी दवाखान्यातच बोललो होतो. देवाले. उचल म्हटलं मले. ती माह्यापेक्षा लय उशिरा बोलली."

मी म्हटलं, हे तू स्वतः सांग. तो म्हणाला, "ती ऐकाले तयार असन तं."

म्हणून विचारते. तू तयार आहेस का? नसशील तर नाही म्हणून कळव, मी त्याला तसंच सांगेन, गोड करून सांगणार नाही.

सिंधू


६ नोव्हेंबर

प्रतीक्षा,

तू हो कळवलंस म्हणून आपण शेगावला भेटलो. तिथून तू सोनाळ्याच्या बसमध्ये बसलीस, त्याच्या पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही दोघं बाकावर बोलत होतात तेव्हा मी मुद्दाम लांब, कचोरीच्या गाड्याजवळ उभी होते. तुमचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही आणि विचारणारही नाही. मला फक्त दिसत होतं. तू आधी रस्त्याकडे तोंड करून बसली होतीस. मग तो काहीतरी म्हणाला, बहुतेक तेच, आणि तू पदर तोंडात धरलास. त्याला दिसलं नाही, पण ऐकू आलं असणार, कारण त्याने हात पुढे केला नाही, नुसता थांबला. त्याला थांबता येतं हे मला माहीत नव्हतं. नंतर तू त्याच्या हातात कचोरी दिलीस, मिरची बाजूला काढून. ती सवय तुझी गेलेली नाही.

तू जाताना मला सांगितलंस की अकोल्याच्या केंद्रात तुला शिकवायला बोलावलं आहे, पुढच्या महिन्यापासून तिथेच खोली करणार, वडनेरला येणार नाही. ताई, रागावू नका, म्हणालीस. मी रागावले नाही. तुला वाटलं असेल माझं तोंड पडलं. ते तोंड आता असंच असतं.

तू नंबर सांगितलास तेव्हा मी पिशवीत पेन शोधत होते. जीवन म्हणाला, "राहू दे, मले पाठ झाला." मला वाटलं बढाई मारतो. परतीच्या गाडीत तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता, पुन्हा पुन्हा, जलंब येईपर्यंत.

मग म्हणाला, "ती येणार नाही, ताई."

"माहीत आहे."

"मले वाईट वाटून राह्यलं. पण एक बरं झालं. ती आता फोन उचलन, तं तिले उचलाचा आहे म्हणून उचलन."

नांदुऱ्याला उतरलो. रिक्षासाठी थांबलो होतो. त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, "ताई, तू थकली काय?"

प्रतीक्षा, मी घर सोडून आले तेव्हा मला कोणी हे विचारलं नव्हतं. आईने विचारलं नाही, बाबांनी नाही. सगळ्यांनी जेवली का विचारलं. मी नेहमीप्रमाणे "नाही रे, कायची थकते" म्हणणार होते. तोंड उघडलं आणि "हाव" निघालं. "हाव रे जीवन, लय थकली."

रिक्षात बसताना त्याने माझी पिशवी मागून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

आज रविवार. अंगणवाडी बंद. पुंजाजींनी वेचलेला पहिला कापूस आणून टाकला, जेवढा व्हायला पाहिजे होता त्याच्या निम्मा. जीवनने सकाळी स्वतः खिचडी टाकली. मीठ जास्त झालं. मग म्हणाला, "आता तू पड. मी बसतो इथं. कोनी आलं तं मी पाहतो." पाहतो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

मी पडले. डोळे लागायच्या आधी त्याचा आवाज येत होता. तो फोनवर एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबत होता. मग पलीकडे वाजायला लागलं. तू उचललास का, हे मी ऐकलं नाही. तोवर मला झोप लागली होती, भर दुपारी, दार उघडं ठेवून.

सिंधू